रकाना सात

दुपारी दोन ते चार मी जखमांना नावं देते.
नावं कसली, आकडे.
नळीतून चढलेला ताप एक,
सुईखाली सुजलेला हात दोन,
मोरीपाशी पाय घसरला, तो तीन.
सिस्टर लोबो तोंडानं म्हणते 'बिद्दरु'
आणि तक्त्यात लिहिते 'पडले'.
दोन्ही भाषांत
ओली फरशी कुणी ठेवलेली नसते.

चार म्हणजे पाठ.

नागोजी बिर्जे, वय एकसष्ट,
जन्म गेला खानापूरच्या कौलभट्टीवर.
खुबा मोडून बेळगावात आले,
आणि बाराव्या दिवशी माकडहाडावर
रुपयाएवढं काळं.

रकाना सात विचारतो, कधीपासून?
येतानाच होतं, की इथं आल्यावर?
मधे एक रेघ आहे,
शहापूरच्या छापखान्यातून आलेली, अगदी सरळ.

डॉक्टर म्हणाले, "आधीचंच असेल की.
भट्टीवरचा माणूस.
सोमवारी कमिटी बसायलीय, तेवढं बघा."
शेवंता, त्यांची लेक, दारातच उभी:
"येताना पाठ चांगली होती हो.
मी तेल लावलंय रोज,
कुठं तीळ आहे तेसुद्धा ठाऊक आहे मला."

मी रात्रपाळीचा तक्ता काढला.
दर दोन तासांनी कूस बदलायची.
दहा, बारा, दोन, चार,
चारी सह्या एकाच झोकातल्या,
मधे पेन खाली ठेवलंच नाही जणू.
सही लोबोची.
माझी आई शेवटाला होती तेव्हा
ड्युटी संपवून येऊन
हिनंच तिचे पाय चेपले होते.

हजेरीवही पाहिली.
त्या रात्री वॉर्डात चव्वेचाळीस माणसं,
लोबो,
आणि एक आया, तीही अर्धी रात्र लेबर रूममध्ये.

'टाळता आलं असतं' यावर मी खूण केली.
कुणाला, ते फॉर्म विचारत नाही.
रकाना सातमध्ये 'इथं आल्यावर'.
मग समासात, जिथं काहीच लिहायचं नसतं,
पेन्सिलीनं लिहिलं: ४४ ला १.
खोडता येईल म्हणून पेन्सिल.
भित्री आहे मी.

चार वाजले होते.
खाली वॉर्डात गेले.
शेवंतानं खांदा धरला, मी कंबर.
"हळू की गं," नागोजी म्हणाले,
"कौल न्हवं मी."

चादरीची सुरकुती पाठीवर उमटली होती,
ओल्या कौलावर
कारखान्याचं नाव उमटतं तशी.
मी वाकून पाहिलं.
अक्षर लागत नव्हतं.