साल

करारनामा बावीस पानांचा होता.
भिंतीला खिळा नाही, चिकटपट्टी नाही,
कुत्रा नाही, मांजर विचारून,
हिरवळ पंधरवड्याला कापायची,
पन्हळीतला पाचोळा भाडेकरूने काढायचा.
मी सही केली ती खिडकीबाहेर बघत.
तिथे निलगिरीचं झाड उभं होतं,
दुधाळ बुंध्याचं, तीन मजले उंच.
बावीस पानांत त्याचं नाव नव्हतं.

शनिवारी घर बघायला फुटपाथवर चौतीस माणसं.
इस्त्रीचे शर्ट, हातात पगाराच्या पावत्या.
ब्रोनीला बजावून ठेवलं होतं,
आवडलं तरी चेहऱ्यावर दाखवायचं नाही.
ती आठ वर्षांची.
दारातच म्हणाली, बाबा, इथे पोपट आहेत.

मी सिडनीत लिफ्ट दुरुस्त करतो.
दिवसभर दुसऱ्यांच्या इमारतींच्या पोटात,
ग्रीसच्या वासात.
संध्याकाळी वाहरूंगाला उतरलं
की मान आपोआप वर जायची.
इतकी पानं, आणि त्यातलं एकही माझं नाही.
तरी शुक्रवारी पन्हळीतून दोन गोणी मीच काढायचो.

कुंपणापलीकडे व्हेरा किन्सेला,
एकसष्ट सालापासून त्याच खुर्चीत.
"नवे भाडेकरू का?"
जुन्यांची नावं तिला आठवत नसत.
लिंबू लावून गेले ते.
रात्री सॅक्सोफोन वाजवायचा तो.
कपडे वाळत घालताना रडायची ती.

दर तीन महिन्यांनी कार्ली तपासणीला यायची.
ओव्हनच्या पोटाचा फोटो,
न्हाणीघराच्या कोपऱ्यांचा,
ब्रोनीच्या पलंगाखालचा.
आदल्या रात्री आम्ही
घरातून स्वतःला पुसून काढायचो.
चित्रं पेटीत, सायकल गाडीत,
फ्रिजवरचं वेळापत्रकसुद्धा खाली.

भिंतीवर पेन्सिल चालणार नव्हती
म्हणून वाढदिवसाला उंचीची रेघ झाडावर.
माझ्या अवजारांतला पिवळा तेलखडू,
वर तारीख, बाजूला ब्रोनीचं बी.
जानेवारीच्या उकाड्यात झाडाने साल टाकली.
रात्रभर तडतड.
सकाळी हिरवळीवर लांबच लांब वळलेल्या पट्ट्या,
त्यात तिचं नववं वर्ष उताणं पडलेलं.
ब्रोनी कितीतरी वेळ बोललीच नाही.
मग विचारलं, मी आता किती उंच?

"दरसाल करतं ते," व्हेरा कुंपणावरून म्हणाली.
"जुनं अंगावर ठेवत नाही."

रेघेचा तुकडा कापून आम्ही
बुटांच्या खोक्यात ठेवला.
पुढच्या वर्षी दुसरा.

तिसऱ्या उन्हाळ्यात पत्र आलं.
मालकांचा मुलगा पर्थहून परत येतोय.
भाषा फार सभ्य होती, कळवण्यास खेद वगैरे.
अर्थ जुनाच: भाड्याचं घर, खाली कर.
नव्वद दिवस.
मी बाहेर येऊन झाडाला टेकलो,
तेव्हा पाठीला नगरपालिकेचा बिल्ला टोचला, ११८.
त्याची फांदी छाटायची तरी अर्ज लागतो,
कारण लागतं, कुणीतरी येऊन बघावं लागतं.
हेवा वाटला.
झाडाचा हेवा करणारा माणूस कसा दिसत असेल
ते व्हेराने पाहिलं असणार,
पण ती वर्तमानपत्रात तोंड घालून बसली.

शेवटच्या तपासणीला कार्ली खूश.
"कुठे एक खूण नाही. अनामत पूर्ण परत."
ब्रोनी व्हॅनमध्ये पुढे बसलेली,
मांडीवर खोकं,
खोक्यात तीन सालांच्या तीन साली.

व्हेरा काठी टेकत फाटकापर्यंत आली.
आजवर कधी आली नव्हती.
"तुम्हाला आता मी काय म्हणणार?" ती म्हणाली,
आणि स्वतःच उत्तर दिलं,
"झाडावर लिहायचे ते."

नवा फ्लॅट स्टेशनाला लागून, सहाव्या मजल्यावर.
खिडकीतून गाड्यांचा तळ दिसतो.
पहिल्याच दिवशी लिफ्ट बंद.
खोकं सांभाळत जिना चढता चढता ब्रोनी म्हणाली,
"निदान तुला घरी काम मिळालं."