उघाडी

रात्री दोनला उजव्या पायाचा अंगठा उठतो,
बाकीचा मी नंतर.
चादरीचं टोक नको, पंख्याचा वारा नको,
खळ्यातून कुत्रं गेलं तरी त्याची पावलं
माझ्या सांध्यावरून जातात.

शिरोड्याच्या मिठागरात एकेचाळीस वर्षं काढली.
मीठ कधी पडणार ते मला नाकाने कळायचं.
वाफ्यातलं पाणी जड होतं, त्यावर साय धरते,
मग काठाला पहिला दाणा.
तो दिसेपर्यंत मीठ पाण्यातच असतं,
सभेत मागे बसलेल्या माणसासारखं.

आर्सेकर डॉक्टरीणबाईंनी सांध्यातला थेंब काचेवर घेतला.
"बघतास काय, सगुणकाकानू?"
बघितलं. सुया.
कुणी शिवणाचा डबा उपडा केल्यासारख्या.
"तुमचाच पीक ह्या," त्या म्हणाल्या.
अंगठा म्हणजे अंगातला सगळ्यात थंड वाफा,
पहिला दाणा तिथेच धरणार.

मग औषधाच्या कागदामागे त्यांनी दोन काजूबिया काढल्या,
आत एक नळी, वळणावळणाची.
दिवसाला पंधरा घागरी पाणी रक्तातून गाळतात या बिया,
आणि बाहेर सोडतात तांब्या-दीड तांब्या.
युरिक ॲसिड तर आधी जवळजवळ सगळंच ओतून देतात.
मग नळीच्या पहिल्याच वळणावर
कुणीतरी हात घालून परत उचलत सुटतं,
दहातले नऊ.
उरला एक, तो जातो.

मला आमची रत्नप्रभा आठवली.
मांदेलीची पाटी ती भुईवर उपडी करायची
आणि खराब काढून टाकायच्या ऐवजी
चांगली तेवढी वेचून परत पाटीत.
"खराब हजार तऱ्हेची असता,
चांगली एकाच तऱ्हेची. तीच ओळखूक सोपी."
मूत्रपिंडाचंही तसंच म्हणे.
पण मग या सुया
त्याला चांगल्या कशा वाटल्या?

बाई म्हणाल्या, हे आम्ल तोडणारी एक कात्री असते.
गाईकडे आहे, मांजराकडे आहे,
मी जन्मभर खाल्लेल्या बांगड्याकडेसुद्धा होती.
आपली हरवली,
माणूस माणूस होण्याआधीच, कुठल्याशा झाडावर.
काही शहाण्यांचा तर्क असा की हरवली तेच बरं झालं:
फळांपाल्यावर जगणाऱ्याला मीठ कुठलं?
हे आम्ल अंगातलं मीठ धरून ठेवायचं,
रक्ताला जोर द्यायचं.
खरं असेल, नसेलही.

मी हसलो. हसताना अंगठा ठणकला.
एकेचाळीस वर्षं
टाचेच्या भेगांत मीठ, टोपीच्या कडेला मीठ,
पगाराच्या पाकिटात मीठ,
आणि आत दोन काजूबिया
अजून त्या झाडावर बसल्यासारख्या
दहातले नऊ वेचून ठेवतायत.
त्यांना कुणी जाऊन सांगितलंच नाही.

खाडीच्या बांधाला आमची एक उघाडी होती.
भरतीला आपसूक मिटायची, ओहोटीला उघडायची.
एका पावसाळ्यात तिच्या दारात झावळी अडकली.
आठ दिवस कुणाच्या ध्यानात आलं नाही.
पाणी नेहमीएवढंच येत होतं,
थोडं कमी जात होतं, एवढंच.
मग भात मुळाशी कुजलं.
"माझा जास्त बनता की कमी जाता?" मी विचारलं.
बाई म्हणाल्या, बहुतेकांचं कमीच जातं.

आता सकाळी एक पांढरी गोळी,
पाणी भांडंभर, पुन्हा भांडंभर.
तारल्या बंद, तिसऱ्या बंद.
शेजारची इनास अजून विचारते, काका, कालवां धाडू?
आणि मी नको म्हणायला जरा वेळ लावतो.

पहाटे मागल्या दाराने माडाच्या आळ्याशी जातो,
डाव्या पायावर भार देऊन उभा राहतो.
दहातला एक जातो.
आज सव्वा गेला असेल,
असं आपलं धरतो.