सव्वातीनची रेषा

गोत्रीच्या या खोलीला खिडकी नाही.
बाहेर मे आहे, हे मला पडद्यावरून कळतं.

भिंतभर एक हिरवी रेषा
कालच्या रेषेच्या खांद्यावर पाय देऊन चढते आहे.
खाली एक आकडा, पन्नासच्या आसपास धापा टाकणारा.
त्याला ढळू द्यायचं नाही, एवढीच माझी नोकरी.
वीज म्हणजे काही लोणचं नाही बरणीत मुरवत ठेवायला.
इथे कुणी बटण दाबलं, की त्याच क्षणी
तिकडे कुठेतरी काहीतरी जळावं लागतं.

"शिर्के बेन, एवढं खातं तरी कोण?"
धैवत पुराणी विचारतो. नोकरीला सहा दिवस झालेत त्याच्या.
उत्तर त्याला येतं:
लोकसंख्या, उत्पन्न, शहरं, कारखाने.
परीक्षेत चार मार्कांना लिहिलंय त्याने.

मला ते चार मार्क कधी जमले नाहीत.
मला भीखाभाई आठवतात,
वाडीत आमच्या गल्लीच्या तोंडाशी लाकडी टेबल मांडणारे.
सात किलोची पितळी इस्त्री, पोटात कोळसा;
वाऱ्यावर हलवली की ठिणग्या उडायच्या, पोरं टाळ्या पिटायची.
मग हायवेकडे काचेच्या इमारती आल्या,
गल्लीतली पोरं तिथे लागली,
एका शर्टाचे सहा शर्ट झाले आठवड्याला,
सहा शर्टांना मशीन आलं, मशीनला टाकी, टाकीला मोटार,
आणि भीखाभाईंना वायरची इस्त्री.
आता धूर नाही. खोकला आहे तो आधीचा.
"कोलसो गयो, बेन," म्हणाले, हात झटकत.
मी बोलले नाही,
पण कोळसा कुठे गेला नव्हता.
वणाकबोरीला राहायला गेला होता फक्त.

आणि मी तरी काय सांगावं कुणाला.
गेल्या एप्रिलात हप्त्यावर दीड टनाचा घेतला,
निषादची बारावी म्हणून.
पोरगा अठरावर लावतो
आणि वर गोधडी घेतो.

मी लागले तेव्हा ही रेषा रात्री झोपायची.
अकरानंतर उतरायची, पहाटेच्या मोटारींपर्यंत
लांब, शांत पाठ.
हल्ली कूस बदलते नुसती.

कामावर येताना पुलावरून विश्वामित्रीत मगर दिसते.
उन्हात जबडा उघडा टाकून पडलेली,
एका जेवणावर कितीतरी दिवस.
हिची रेषा सपाट असणार.
पण ती थंड रक्ताची.
आपल्याला एकदा गार वारा लागला
की मागचा उन्हाळा परत सोसवत नाही.

सव्वातीन.
रेषा वरच्या चौकटीला भिडली.
"कडाण्याला फोन लाव, दोन्ही मशीन घ्या म्हणावं."
आकडा डगमगला. सावरला.
वरच्या मजल्यावर कुणीतरी पेढे मागवले:
आजवरची सर्वांत मोठी मागणी.
साहेब म्हणाले, देश वाढतोय.
पेढा गोड होता, खोटं कशाला बोलू.

रात्री नऊला गल्लीत शिरले तर काळोख.
कोपऱ्यावरचा ट्रान्सफॉर्मर दुपारीच उडालेला,
सव्वातीनच्या सुमारास.
आमची अख्खी गल्ली वजा झाली होती
आणि माझ्या पन्नासला पत्ता नव्हता.

ओटल्यावर निषाद, बनियनवर, घामाने निथळत,
बघत होता समोर:
भीखाभाईंनी माळ्यावरून पितळी इस्त्री काढली होती.
पोटात लाल निखारे, अंधारात तेवढंच दिसत होतं,
आणि तिच्या मागेमागे सपाट होत जाणारी
उद्या सकाळच्या शर्टाची बाही.

"लाइट क्यारे आवशे, बेन? तुम्हाला माहीत असेल."

मला पूर्ण राज्याचं माहीत होतं.
म्हटलं, विचारते.
आणि फोन काढला तर
त्यात चार टक्के.