उणे दोनशे चौसष्ट

सोदानक्युलाहून ओइवाचं पत्र आलं.
लॅपटॉप मांडीवर घेतला की पँटमधून चटका बसतो,
रेनडिअरच्या लसींची यादी अर्ध्यावर असताना
न सांगता सवरता डोळे मिटतो,
आणि विचारलं, बाबा रे, अंगात ताप किती,
तर म्हणतो
उणे दोनशे चौसष्ट.

बाहेर उणे एकतीस होतं.
तेवढ्याला तिकडे कुणी पटकन थंडी म्हणत नाही.

औने केम्प्पाइनेन, वय अठ्ठावन्न,
कायानीला तळघरात, सौनाशेजारच्या खोलीत बसून
कर्नलचा एक कोपरा सांभाळते:
पंखे, तापमान, झाकण उघडं की मिटलेलं.
तिनं पत्र दोनदा वाचलं. कॉफी ओतून घेतली.
मग फर्मवेअरचा तक्ता उसवायला बसली,
दुसऱ्या कुणी विणलेला स्वेटर उसवावा तसा,
गाठ सापडेपर्यंत.

उणे दोनशे चौसष्टला पंखा कशाला फिरेल?
पंख्याचं बरोबरच होतं.
कर्नलचंही. सांगितलं ते त्यानं ऐकलं.
तळाशी बसलेली चिप तर अगदी खरं सांगत होती:
एक्क्याण्णव. एक्क्याण्णव. भाजतंय.
मधल्या निरोप्यानं फक्त
दहानं गुणलं नव्हतं
आणि दोन हजार सातशे बत्तीस मिळवले नव्हते.

यंत्राचं नाव काय, म्हणून तिनं पाहिलं.
नावाच्या रकान्यात लिहिलं होतं:
येथे कारखान्याचे नाव भरावे.
अनुक्रमांक: येथे अनुक्रमांक भरावा.

आमच्याकडे मास्तर शाळेत नाव घालताना
सगळ्या पोरांचा जन्म एक जूनला करून टाकायचे.
कुणाची आई म्हणायची, पोळ्याच्या आदल्या रात्री झाला हो,
मास्तर मान डोलवायचे आणि लिहायचे, एक जून.
ताओयुआनच्या त्या कारखान्यातही
असाच कुणी घाईतला मास्तर असणार.
उद्या माल बोटीवर चढायचा,
रात्रीचे अकरा, कँटीन बंद,
आणि रकाने अजून शंभर.

कारखाना आता नाही.
पत्रं परत येतात.
म्हणजे फर्मवेअर आहे तसंच राहणार,
शहाणपण कर्नललाच घ्यावं लागणार.

औनेनं अकरा ओळी लिहिल्या.
तुलूझहून एस्तेवनं त्या परत पाठवल्या:
बाई, 'येथे नाव भरावे' या नावाची
हजारो यंत्रं आहेत जगात.
त्यातली बरीचशी सरळ बोलतात.
सगळ्यांनाच समजून घ्यायला गेलीस
तर शहाण्यांनाही ताप चढवशील.

खरं होतं. तिला राग आला, मग आला नाही.
तिनं मदरबोर्डचा क्रमांक जोडला,
बायोसची तारीख जोडली,
आणि वरच्या टिपेतला 'मूर्ख' हा शब्द
बराच वेळ बघून खोडला.
(तिनंही एकदा, धाकटी तापानं फणफणलेली असताना,
एक शून्य कमी लिहिलं होतं. कुठे, ते तिला माहीत आहे.)
टीप आता अशी आहे:

हे यंत्र खोटं बोलत नाही.
सेल्सियसमध्ये बोलतं.
ऐकताना हिशोब आपण करावा.

सोळा ओळी झाल्या.
पुढे ही यंत्रं भंगारात जातील,
शेवटचं कुठलं ते कुणालाच कळणार नाही,
म्हणून ओळी काढायला कुणी धजावणार नाही.

मार्चमध्ये ओइवानं कळवलं:
पंखा फिरतो. आकडा खरा दिसतो. यादी पूर्ण झाली.
एक तक्रार आहे, पण तुमच्याकडे उपाय नसावा.
तुइस्कु, माझी म्हातारी कुत्री,
दोन वर्षं या लॅपटॉपला पाठ लावून झोपायची.
आता हुंगते,
दोन गिरक्या घेते,
आणि माझ्याकडे बघत उभी राहते.