विंगेतून

आडकूजी नाकाडे
बावीस वर्षांचा असल्यापासून म्हातारा.
केसांना, भिवयांना सफेदा,
हातात माझ्याच बैलांची तुतारी, कापून काठी केलेली.
पहिल्या अंकात नायकाचा बाप,
दुसऱ्यात पोलीस पाटील,
तिसऱ्यात बहुतेक मेलेला.
वडशाच्या कंपनीच्या पोस्टरवर
नाव शेवटून दुसरं.
त्याखाली फक्त छापखान्याचं.

मी प्रॉम्प्टर.
धान निघाले की शंकरपटाच्या गावोगाव
रात्रभर पडद्यामागे उकिडवा, टॉर्च आणि वही.
मी एक वाक्य सांगायचो,
तो दुसरंच बोलायचा,
आणि टाळी त्या दुसऱ्याला.
लेखक चिडायचा.
मी पेन्सिलीनं वही दुरुस्त करायचो.

महिन्यातून दोनदा नागपूर, रेडिओ.
शेतीच्या कार्यक्रमात हा अडाणी भाऊजी,
तज्ज्ञांना विचारायचा,
"पण सायेब, तुडतुडे मराचे कवा?"
याच्या बांधीत तुडतुडे नव्हते.
बांधीच नव्हती.
आरमोरीच्या बाजारात तोंड कुणी ओळखत नसे,
भाव विचारला की भाजीवाली हसायची,
"तुडतुडेवाले का जी तुमी?"
वर दोन वांगी टाकायची.

मग सिनेमा. तळ्याकाठी अकरा दिवस,
याला वाक्य एक: साहेब, पुढे रस्ता नाही.
परतताना बंडीत त्यानं ते
चौदा तऱ्हांनी म्हणून दाखवलं,
बैलसुद्धा एकदा थांबले.
ब्रह्मपुरीच्या टॉकीजात आम्ही
सव्वीस जण, मेटॅडोर करून.
तोंड त्याचंच होतं.
आवाज पुण्याचा, धुतलेला.
अंधारात कुणी काही बोललं नाही,
फक्त भागरता वहिनी:
"खोकला तरी यायचाच ठेवाचा होता."
बाहेर भजी खाताना तो म्हणाला,
"रेडूवर तोंड नव्हतं ना गा. बरोबर झालं."

आता उजवी बाजू गेली आहे.
शब्द आत कुठंतरी रंग लावून बसलेत,
बाहेर येत नाहीत.
मी संध्याकाळी जातो, खाटेच्या डाव्या अंगाला
भिंत धरून खाली बसतो.
तो डोळ्याच्या कोपऱ्यातून बघतो,
लोकांना कळू न देता
वाक्य विसरल्यावर बघायचा तसा.
मी पुटपुटतो: पाणी.

तो ऐकतो. थांबतो.
सून दारात गडवा घेऊन उभी.
अजून थांबतो.
मग जड जिभेनं, एका बाजूच्या ओठानं,

"च्या."

मी खिशात पेन्सिल चाचपतो.