पासंग

सव्वीस वर्षं मी धान्याच्या कोठारावर ट्रक तोलले,
कोस्तानायच्या बाहेर, रस्ता संपून गहू सुरू होतो तिथे.
ओली पोती, तळाशी दगड,
सीटखाली अंग चोरून बसलेला मेव्हणा,
सगळं पाहिलंय.
ड्रायव्हर सिगरेट शिलगावत, सहज उभा राहिल्यासारखा,
एक बूट काट्याच्या कडेवर टेकवायचा.
मी वहीतून मान वर न करता म्हणायचे, "पाय."
आणि पाय निघायचा.

म्हणून स्पर्धेवाल्यांना कुणीतरी सांगितलं,
झाउरे-आपांना बोलवा, काट्याच्या पक्क्या आहेत.
एकोणीस देशांच्या मुली,
पोहण्याच्या तलावाची जुनी इमारत,
बायकांच्या खोलीत एक जर्मन काटा,
आणि मी, उसन्या पांढऱ्या कोटात, पहाटे सहाला.

पहिल्या दिवशी गोंधळलेच.
जन्मभर जे आले त्यांना जड व्हायचं होतं.
या हलक्या व्हायला आलेल्या.
कालपासून पाणी नाही, ओठांना साली सुटलेल्या.
एकेक येते, नाव सांगते, चपला काढते,
श्वास सोडून मगच वर चढते,
जणू श्वासालाही वजन असतं.
(असेल. मी कधी तोलला नाही.)

अल्जीरियाची तसादित. गट अठ्ठेचाळीस किलो.
काटा म्हणाला, अठ्ठेचाळीस आणि वर नव्वद ग्रॅम.
नव्वद ग्रॅम म्हणजे आमच्याकडे
फळीच्या फटीतून सांडलेला गहू,
चिमण्यांचा हक्क, कुणी वहीत लिहीत नाही.
पण इथे मी मान हलवली,
घड्याळावर बोट ठेवून सात दाखवले.

बॉयलरच्या खोलीत दोरीवर उड्या मारून आली: सत्तर.
कागदी कपात थुंकत बसली,
कोरड्या तोंडातून, थेंब थेंब: साठ.
मग अंगावरचे कपडेच काय ते उरले.
प्रशिक्षक पुरुष, दाराबाहेर. टॉवेल धरायला कुणी नाही.

बाकावर फिनलंडची हिल्क्का केळं खात होती.
तिचं वजन झालेलं.
दुपारी चार वाजता हिच्याशीच तिची लढत.
केळं शांतपणे संपवलं असतं
तर न लढता पुढच्या फेरीत गेली असती.
उठली. अर्धं केळं खिडकीत ठेवलं.
आपला टॉवेल दोन्ही हातांनी पसरून धरला
आणि तोंड भिंतीकडे केलं.

अठरा ग्रॅम.

तसादितने माझ्याकडे बघून
दोन बोटांची कात्री केली.
बँडेजची कात्री माझ्या खणात होती.
वेणी हिल्क्कानेच कापली, वीतभर,
जीभ दातांत धरून, शाळकरी पोरीसारखी.
अठ्ठेचाळीस. शून्य. शून्य.
सातला चार मिनिटं कमी होती.
कुणी कुणाला मिठी मारली नाही.
हिल्क्का खिडकीशी गेली. केळं काळं पडलं होतं. खाल्लं.

लढत मी पाहिली नाही.
दुसऱ्या दिवसाच्या याद्या लिहायच्या होत्या.
पाइपमधून घंटा यायची, मग पावलं, मग गर्दी,
पुन्हा घंटा.
झाडूवाली रउशान सांगत आली:
तीन विरुद्ध दोन पंच, फिनलंडची जिंकली,
पण म्हणतात, तिसरी फेरी त्या दुसरीचीच होती.
मापात पाप? मला माहीत नाही.
तो काटा माझ्याकडे नव्हता.

संध्याकाळी तसादित विसरलेले मोजे न्यायला आली.
एक डोळा मिटलेला, हातात अर्धी पाव-लादी,
तोंडात उरलेली अर्धी.
काटा अजून चालू होता.
चढली तशीच, कोट, बूट, पिशवी, पाव.
त्रेपन्न.
स्वतःशीच हसली, मग ओठ दुखला.

मागून हिल्क्का आलेली.
छताकडे अगदी गंभीरपणे बघत
तिने बुटाचं टोक काट्याच्या कडेवर टेकवलं.
एकोणसाठ, एकसष्ट.
तसादित चावायची थांबली.
खाली आकड्याकडे बघते, हातातल्या पावाकडे बघते.

सव्वीस वर्षांचा तो शब्द
माझ्या जिभेवर तयार होता.
मी खण उघडला
आणि कात्री शोधू लागले.