छत्तिसातले बत्तीस

एकशे ब्याण्णव, ठिपका, एकशे अडुसष्ट,
ठिपका, एक, ठिपका, एक.
हा पत्ता जिंतूरचा नाही, कुठल्याच गावचा नाही,
पण दार उघडतं ते आमच्याच घरात,
टीव्हीच्या मागं, जिथं पाल राहते
आणि तीन हिरवे दिवे लुकलुकतात.

गुरुवारी दादाला सुट्टी असते.
चाकणच्या खोलीत तो मोबाईल आडवा धरतो,
इकडं प्रज्योत धरतो,
आणि दोघं छत्री उघडून
एका खोट्या बेटावर उतरतात.
घरी फोन करत नाही तो, बाबांशी वाजल्यापासून.
बेटावर मात्र येतो.

आणि नेमकं तेव्हाच
मी माझा व्हिडिओ चढवते:
कटोरी ब्लाऊज, भाग चौदा, दीड जीबी.
दादा पळता पळता थिजतो, भिंतीतून चालतो,
आवाज येतो तो उसवलेला,
"मी माग... थांब रे... आई क..."
पिंग नऊशे.
"ताई, काय करायलीस गं! मरायलो ना मी!"

व्यंकट केबलवाला म्हणाला, शंभरचा प्लॅन घ्या,
नळ मोठा केला की झालं.
मी म्हणलं, बघते.

दहावीपर्यंत मी बाबांच्या गिरणीवर बसलेय.
दिवाळीआधी रांग पार रस्त्यावर यायची.
मोंढ्यातला खानावळवाला दोन पोती आणून टाकायचा
आणि त्याच्या मागं एखादी पोरगी
शेरभर जोंधळे फडक्यात बांधून.
बाबा पोतं अर्ध्यात थांबवायचे.
खानावळवाला करवादायचा.
बाबांचं एकच,
"पोत्याला घाई नसते. ती चूल पेटवून आलीय."

रात्री साडेनऊला, सगळी गल्ली लाइनवर असताना, मोजलं.
चाळीसचे पैसे देतो, मिळतात छत्तीस.
आणि रांग आमच्या घरात लागतच नव्हती.
ती लागायची पुढं, कंपनीच्या कुठल्याशा डब्यात,
जिथं बाबांसारखं कुणी बसलेलं नाही.
तिथं माझं पोतं आधी,
त्याच्या मागं ताटकळत
दादाचा एवढासा "हां".

म्हणून राउटरला खोटं सांगितलं.
छत्तीस नाहीत रे बाबा, बत्तीसच आहेत आपल्याकडं.
चारांवर पाणी सोडलं
तेव्हा कुठं रांग उंबऱ्याच्या आत आली.
आतल्या रांगेला आपला कायदा लावता येतो:
लहान गाठोडं आधी,
पोतं थोडं थोडं, सगळ्यांच्या मधून.
एकतीस करून पाहिलं. चौतीस. पुन्हा बत्तीस.
मशीनच्या दोऱ्याचा ताण असाच लावते मी,
खालची टीप गोळा होईना झाली की
हात काढायचा.

भाग चौदा मिनिटभर उशिरा चढला.
कुणाचं काही अडलं नाही.

मग गुरुवार.
भाग पंधरा चढायलाय, आई मावशीला व्हिडिओ लावून बसलीय,
पिंग एक्केचाळीस,
आणि बेट जागचं हलत नाही.
प्रज्योत तिसऱ्या मिनिटाला मेला.
सवयीनं माझ्याकडं वळला, तोंड उघडलं,
आणि मिटलं.
आता खापर फोडायला लाइन उरली नव्हती.

दादाचा आवाज सगळा येत होता.
त्याच्या मागचा पंखा, जोडीदाराचा खोकला,
चाकणमधल्या कुकरची शिट्टी.
"बाबा आहेत का रे तिथं?"
एक अक्षर गळलं नाही.

बाबा दारातच होते. भुवयांवर पीठ.
त्यांनीही ऐकलं.

मी आकडा बघत राहिले.
एक्केचाळीस. एक्केचाळीस. चाळीस.
तिकडं पंखा फिरत होता, इकडं पाल चुकचुकली,
आणि मधे जे काही अडलं होतं
ते लाइनमधलं नव्हतं.